राखेचं छप्पर

छपरावर पाणी ओतलं की चर्र आवाज व्हायचा आणि वाफ उठायची, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तशी. प्रभा रोज दिवस मावळताना शिडीनं वर चढायची, बादलीमागून बादली ओतायची. शेवटची बादली रिकामी होईपर्यंत पहिल्या बादलीची जागा कोरडी ठाक. गल्लीत पाण्याचा टँकर आला तर आला. प्यायला ठेवायचं की दगडाला पाजायचं, हा हिशेब तिनंच करायचा.

दगडच होता तो. फरीदाबादच्या कॅनॉलकडेच्या कॉलनीत अशीच घरं. खाली एक खोली, पुढं वीतभर ओसरी, वर दोन लोखंडी गर्डर आणि त्यांवर लाल दगडाच्या लांब पट्ट्या मांडलेल्या. इकडं त्यांना पटिया म्हणतात. पटिया दिवसभर ऊन प्यायचा आणि रात्रभर ओकायचा. कूलर लावला तर तेच गरम वारं खोलीत घुमायचं आणि मीटर मात्र पिसाळल्यासारखं फिरायचं. कॅनॉलच्या पलीकडे नवे टॉवर उठत होते. तिथल्या भिंतींवर एसीचे पांढरे डबे टांगलेले. त्यांचा थंडावा आत आणि गरम फुंकर बाहेर. बाहेर म्हणजे आमच्याकडं, असं प्रभा म्हणायची, आणि खोटं नव्हतं.

तिचा नवरा शांताराम गलाईचा कारागीर. खानापूर तालुक्यात त्याच्या गावी पोरगं मिसरूड फुटायच्या आत परमुलखात जातं, सोनंचांदी गाळायला. कुणी कटकला, कुणी कोइमतूरला. हा इकडं आला. मोडीचे दागिने मुशीत घालायचे, मूस भट्टीत ठेवायची, तेजाब ओतायचं, मळ जाळायचा, शुद्ध चांदी काढायची. दुकान गावच्याच अण्णासाहेबांचं. चांदी गिऱ्हाइकाची. धूर शांतारामचा.

मागच्या जेठात तो भट्टीपुढंच आडवा झाला. अंग फणफणलेलं आणि घामाचा थेंब नाही. कातडं नुसतं कोरडं, चुलीवरून उतरवलेल्या मडक्यासारखं. सरकारी दवाखान्यात बर्फाच्या लाद्यांत घालून ठेवला तेव्हा वाचला. तिथला डॉक्टर प्रभावर खेकसला होता.

"दिनभर भट्टी में रहता है, रात को भी भट्टी में सुलाती हो? शरीर ठंडा कब होगा इसका? अगली बार ऐसे लाओगी तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

तेव्हापासून शांतारामला घाम येईना. हिवाळ्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. होळी झाली, वारा फिरला, आणि एका रात्री प्रभानं झोपेत त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कोरडी आणि ऊन. ती उठून बसली. वर बघितलं. काळोखात पटिया दिसत नव्हता, पण त्याची धग चेहऱ्यावर उतरत होती.

"ह्या वक्ताला छप्पर करायचं," ती सकाळी म्हणाली.

"कशानं?" शांतारामनं विचारलं.

"ते मी बघते."

"तू काय बघनार? आपलं उरतंय काय?"

"तुमी उरला पायजे. बाकीचं बघते म्हनलं ना."

प्रभा एक्सपोर्टच्या कंपनीत शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायची. हातात कात्री, मान खाली, तुकड्यामागं पैसे. त्या दिवशी तिनं रजा टाकली आणि गल्लीतल्या बन्ने मिस्त्रीला छपरावर चढवलं. बन्नेनं पाय आपटून बघितलं, मग खाली येऊन गर्डरवर थापी मारून कान लावला.

"मिट्टी का फुस्का डलवा लो, भाभी. मिट्टी, भूसा, गोबर, ऊपर ईंट की टाइल, उसपे सफेद चूना. पुराने लोग यही करते थे. कमरा ऐसा ठंडा होगा कि कूलर बेच दोगी."

"मग टाका की."

"कैसे टाकूं? गर्डर देखो, पापड़ है. पूरी मिट्टी का वज़न डाला तो रात को तुम्हारे ऊपर ही आएगा." मग तो उकिडवा बसला, बिडी पेटवली. "भट्टी की राख मिलेगी? आदमी तो तुम्हारा भट्टी पे ही है. राख ज्यादा, मिट्टी कम. हल्की की हल्की, और गर्मी भी ज्यादा रोकेगी."

राख मिळेल की नाही ते नंतर. पण टाइल, चुना, सिमेंट, मजुरी आणि कुजलेला एक गर्डर बदलायचा, हे सगळं रोख लागणार होतं.

नव्या मार्केटात एका बँकेनं काचेवर मोठा फोटो लावला होता. हसणारा नवरा, हसणारी बायको, पांढरं घर. खाली लिहिलेलं: घर ठंडा, बिल आधा, किस्त आसान. प्रभानं बारावीतल्या लेकीला, विजयाला, बरोबर घेतलं. पोरगी इथंच वाढलेली. घरात मराठी, पण दर वाक्यात यार. आत इतकं गार होतं की प्रभाच्या दंडावर काटा आला. टेबलामागच्या पोरीनं फॉर्म पुढं सरकवण्याआधीच विचारायला सुरुवात केली.

"रजिस्ट्री?"

"पावर ऑफ अटर्नी है," विजया म्हणाली.

"वो नहीं चलेगी. सॅलरी स्लिप?"

"पापा को हाथ में मिलता है."

"सामान का कोटेशन? वेंडर का बिल लगेगा, टॅक्स नंबर के साथ."

विजयानं आईकडं बघितलं. प्रभा टेबलावर वाकली. "मॅडम, मिट्टी है. भूसा है. गोबर है. उसका बिल कौन देगा? भैंस?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस फिस्सकन हसला. टेबलामागची पोरगी हसली नाही. तिनं फॉर्म परत खणात टाकला. "आंटी, ये स्कीम कच्ची कॉलनी के लिए नहीं है. आप एसी ले लो. दो दुकान छोड़ के शोरूम है, वहाँ राशन कार्ड पे हो जाता है. ज़ीरो पर्सेंट."

खरंच होत होतं. शोरूमवाल्यानं दोघींना खुर्च्या दिल्या, वर थंडा पाजला. रजिस्ट्री नको, स्लिप नको. पुढच्या तारखांचे सह्या केलेले चेक द्या आणि डबा घेऊन जा.

"मम्मी, ले लेते हैं ना यार," विजया कुजबुजली. "सगळा त्रासच संपेल."

"आन् बिल कोन भरनार? ह्यो?" प्रभानं शोरूमवाल्याकडं बोट केलं. "जूनमंदी लाइट किती वेळ असती आपल्यात? लाइट गेली की एसी म्हंजे भिताडावरचं कपाट. ऊठ."

वीज खाणारा डबा घ्यायला कर्ज होतं. वीज वाचवणाऱ्या चिखलाला नव्हतं. ज्यानं कुणी हे ठरवलं तो कधी पटियाखाली झोपला नव्हता.

राहिली भिशी.

गलाईवाल्यांची भिशी महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णासाहेबांच्या कोठीवर भरायची. इथल्या सगळ्या गाववाल्यांचे पैसे तिच्यात. जो जास्त तोटा सोसायला तयार होईल त्यानं उचलायची आणि पुढं महिन्याला फेडायची. तोटा बाकीच्यांत वाटला जायचा, आणि भिशी चालवायचा म्हणून अण्णासाहेबांचा वाटा वेगळा. बायका उचलायला येत नसत. प्रभा आली आणि जाजमाच्या कडेला बसली. शांताराम दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ.

"छपराला?" अण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सूनबाई, मानसं पोरीच्या लग्नाला भिशी उचलत्यात. दुकान टाकायला उचलत्यात. छपराला चिखल फासायला भिशी उचलल्याली मी पैल्यांदा बघतोय."

जाजमावर हशा झाला.

"आमी पत्र्याखाली वाढलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मेलो का?"

"तवा तुमी भट्टीम्होरं बसत नव्हता, आण्णा," प्रभा म्हणाली.

हशा थांबला. अण्णासाहेब कधीच भट्टीपुढं बसले नव्हते. बापाच्या काळापासून गादीवर होते. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं नसतं. शांतारामची मान आणखी खाली गेली.

"जीभ चांगली हाय," अण्णासाहेब म्हणाले. "चार आनं तोटा. घ्यायची तर घे."

रुपयात चार आणे कापून घेणं म्हणजे सोललंच. एवढा तोटा त्या जाजमावर कुणी सोसला नव्हता. प्रभा म्हणाली, "घेतली." मग उठता उठता म्हणाली, "आन् दुकानामागची राख द्या. छपराला लागतीया."

आता अण्णासाहेब मोकळे हसले. दुकानामागच्या अंगणात राखेचा ढीग वर्षानुवर्षं पडला होता, त्यात फुटक्या मुशी, कोळशाचा भुगा. न्यारीवाले येऊन ती राख धुवायचे, चांदीचा कण न् कण वेचून न्यायचे आणि उरलेलं तिथंच टाकायचे.

"न्यारीवाल्यानं दोनदा धुतल्याली राख! न्हे, न्हे. म्युन्सिपाल्टीवाले रोज शिव्या घालत्यात तिच्यापायी. समदी उचलून न्हे. फकस्त उचलायची मजुरी मागू नगंस मला."

पुन्हा हशा. अण्णासाहेबांनी चौघांत दिली, हसत दिली, घाण म्हणून दिली. हे लक्षात ठेवा.

राख वाहायला दोघं रात्रपाळीसारखे लागले. ती कंपनीतून, तो दुकानातून सुटला की. भाड्याची तीनचाकी रेहडी. फावड्यानं राख उपसली की धूळ उठायची आणि शांतारामला खोकला लागायचा. तो ढिगावर वाकून खोकायचा, छातीवर मूठ दाबून.

गलाईत एक रीत असते. कारागिरानं दुकानाबाहेर पडताना हातपाय दगडी कुंडीत धुवायचे. ते पाणी गटारात जात नाही, पिपात साठतं. कपडे पसरलेल्या चादरीवर झाडायचे. नखं तिथंच कापायची. कामाचा सदरा फाटला तर घरी न्यायचा नाही, भट्टीत जाळायचा. का, तर त्यात चांदी अडकलेली असते, आणि अशी अडकलेली चांदी मालकाची. भट्टीचं भट्टीत. शांतारामनं ते देवपूजेसारखं पाळलं होतं. त्याला नखं कापताना घरच्यांनी कधी बघितलं नव्हतं.

रेहडी भरली की तोच शांताराम अंगणाच्या दारात थांबायचा, पायातल्या चपला काढून एकमेकींवर आपटायचा, मगच बाहेर पडायचा.

"अवो, टोपलं टोपलं राख न्हेतोय आपन," प्रभा कावली, "आन् तुमी चपला झाडताय!"

"सवय हाय."

"कुत्र्यालाबी आसती."

तो रेहडी ओढू लागला. पण गल्लीच्या चढावर त्याचा श्वास लागला तेव्हा प्रभानं त्याला बाजूला केलं आणि दांडा स्वतःच्या छातीशी घेतला.

मे लागता लागता बन्नेनं काम धरलं. नवा गर्डर चढवला. विजयानं राख चाळली, प्रभानं शेण, भुसा आणि माती पायानं तुडवली. कालवलेल्या गाऱ्याचा थर वीतभर जाड पसरला, धोपटण्यानं ठोकला, वर टाइल बसवल्या, सांधे बुजवले. मग चुना. चुन्यानं प्रभाच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. कंपनीत कात्री धरली की रक्त यायचं आणि पांढऱ्या कपड्याला डाग लागला म्हणून सुपरवायझर पैसे कापायचा. ती चिंध्या गुंडाळून कापत राहिली.

ज्या दिवशी चुन्याचा शेवटचा हात झाला, त्या दिवशी लू सुटली होती. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. शांताराम कामावरून आला, खोलीत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकला. हात वर करून पटियाला तळवा लावला. लावून तसाच उभा राहिला.

"पटिया गार लागतोय," तो म्हणाला. जणू कुणी मेल्याचं सांगत होता, इतक्या हळू.

त्या रात्री लाइट गेली आणि कुणी उठलं नाही. पहाटे शांताराम घाबरून उठून बसला. मानेवर हात फिरवला, बोटं बघितली. "प्रभा, मला कायतरी होतंय. ओलं लागतंय."

तिनं चाचपलं. मान, कानामागं, पाठीचा पन्हळ. मग मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली की रडली ते विजयाला अंथरुणातून कळलं नाही.

"घाम हाय त्यो," ती म्हणाली. "घाम आलाय तुमाला."

कूलर कोपऱ्यात गेला, त्याच्यावर कपड्यांची चळत चढली. वीजबिल उतरलं. उतरलेलं बिल आणि धाग्यांचे पैसे मिळून भिशीचा पहिला हप्ता गेला. प्रभानं तो अण्णासाहेबांच्या हातात नेऊन दिला आणि घामाचं काही बोलली नाही.

पण त्या वर्षी चांदी चढली. अशी चढली की गलाईवाले सकाळी भाव ऐकायचे आणि संध्याकाळी सकाळच्या भावाला हसायचे. अण्णासाहेबांचा मुलगा सुयश गुडगावात नोकरीला होता, मोटारीतून आला. त्याच्या ओळखीची एक कंपनी होती. जुनी धुतलेली राख, काजळी, फुटक्या मुशी, सगळं घ्यायची. टाक्यांत घालून न्यारीवाल्याच्या हाताला न लागलेली चांदी काढायची.

दुकानाच्या भिंतींचं काजळ खरवडलं गेलं. फरशी उखडली गेली. धुराड्यात माणूस उतरवला. मग सुयश मागच्या अंगणात गेला आणि मोकळी जागा बघत उभा राहिला.

"पप्पा, इथला ढीग?"

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी गादीवरूनच हाक मारली. "शांताराम, आपली राख तुज्या छपरावर हाय न्हवं?"

आपली. शांतारामच्या हातात सांडशी होती. "हाय," तो म्हणाला.

तो घरी आला तो अपराध्यासारखा. जेवला नाही.

"आण्णा म्हनत्यात राख परत पायजे. बदली माती टाकून देत्यात."

प्रभाचा हात ताटावर थांबला. "माती टाकली तर गर्डर बसंल. बन्नेनं तुमच्यासमोर सांगितलंय."

"मग नुसत्या टाइला घालू."

"नुसत्या टाइला. म्हंजे परत तवा." ती त्याच्याकडं बघत राहिली. "दिलीय त्यांनी. जाजमावर दिलीय. हसून दिलीय."

"देताना त्येंना ठावं नव्हतं आत काय हाय ते."

"मलाबी लगीन करताना ठावं नव्हतं आत काय हाय ते. परत करू का?"

विजयानं मान फिरवली. शांतारामचा चेहरा आवळला. "मालकाची हाय ती. भट्टीचं भट्टीत. मी बावीस वर्सं..."

"भिशीचा हप्ता माफ करनार हायत का मालक?"

"ते कसं करतील?"

"मग राख त्येंची आन् कर्ज माजं?" ती उठली. "तुमी मरा हवं तर त्येंच्यासाठी. पर माज्या छपराखाली मरायचं न्हाई. तितं मी तुमाला जगवलंय."

दोन दिवस दोघं बोलली नाहीत. तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, अण्णासाहेबांची गाडी गल्लीत शिरली. मागं टेम्पो, त्यात दोन मजूर, कुदळी, रिकामी पोती. भिशीतले पाचसहा गाववालेही दुकानं सोडून बोलावले होते. पुढं कुणी म्हणायला नको की अण्णासाहेबांनी जबरदस्ती केली. शांतारामला तर भट्टीपुढून तसाच उठवून गाडीत कोंबला होता. हातपाय धुवायला तो कुंडीकडं वळला तेव्हा सुयश ओरडला होता, "काका, टाइम नाहीये, चलो." बावीस वर्षांत पहिल्यांदा तो हात न धुता दुकानाबाहेर पडला होता.

प्रभाची त्या दिवशी दुसरी पाळी होती, म्हणून ती घरात सापडली. ती ओसरीत येईपर्यंत मजूर शिडीनं वर पोहोचले होते. कुदळीचा एक घाव पडला. टाइल फुटल्याचा आवाज खोलीत आला आणि पटियाच्या फटीतून चिमूटभर राख अंथरुणावर सांडली.

प्रभा अनवाणी वर चढली. चुन्यावरून चालत गेली आणि जिथं घाव पडला होता तिथं मांडी घालून बसली.

मजुरानं कुदळ उचलली, खाली ठेवली. "सेठजी, औरत बैठी है."

"हटाओ उसको."

"हम औरत को हाथ नहीं लगाएँगे, सेठजी. आप आ के हटा लो."

मजूर उतरले. ते उतरताच प्रभानं शिडी दोन्ही हातांनी वर ओढली आणि शेजारी आडवी टाकली. मग गल्लीवरच्या तारा, टेम्पो, टोप्या, डोकी, सगळं तिला वरून दिसत होतं. लू तोंडावर येत होती. तळपाय भाजले होते.

"सूनबाई, तमाशा बंद कर," अण्णासाहेब छत्रीखालून म्हणाले. "चोरीचा माल हाय त्यो."

"चोरानं हसत हसत दिल्याला हाय," वरून आवाज आला.

"शांताराम! उतरव तिला. तू तिचा नवरा हायस का ती तुजा?"

गाववाले हसले नाहीत. शांताराम पुढं झाला, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "प्रभा, खाली ये."

"न्हाई."

"ऊन लागंल."

"लागू द्या. तुमाला एकदा लागलंय. आता माजी पाळी."

तो तसाच उभा राहिला. मग घरात गेला. बाहेर अण्णासाहेब घड्याळ बघत होते, सुयश फोनवर कुणाला तरी पाच मिनिटं सांगत होता. आत अंधार होता आणि गारवा होता. शांताराम गारव्यात उभा राहिला. अंथरुणावर पडलेली राख बघितली. मग स्वतःचे हात बघितले. काळे, नखांत काजळी, मनगटावर तेजाबाचे जुने डाग.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्यानं अर्धी भरलेली बादली होती. ती त्यानं अण्णासाहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि उकिडवा बसला. सावकाश हात धुतले, बोट न् बोट. नखं कोरली. पाय धुतले. अंगातला कामाचा सदरा काढला, बादलीवर झाडला आणि पाण्यात बुडवला. पाणी काळं झालं. उघडा शांताराम उभा राहिला. सगळ्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा.

"घ्या, आण्णा. आज धुवायचं राहिलं व्हतं. भट्टीचं भट्टीत." त्याला खोकला आला. त्यानं तो आवरला नाही, मालकाच्या तोंडासमोर खोकला. "छातीतलं काढता येत न्हाई, न्हाई तर त्येबी घातलं असतं ह्यात. छपरावरची तुमी दिल्याली हाय. ही समदी व्हती तितं."

अण्णासाहेबांनी गाववाल्यांकडं बघितलं. "सांगा रं. राख कुनाची?"

एकजण चपलेनं माती उकरू लागला. एक टोपी काढून आत बघू लागला. कुणी मालकाविरुद्ध बोललं नाही. तेवढी छाती तिथं कुणाची नव्हती. पण मालकाच्या बाजूनंही कुणी तोंड उघडलं नाही.

"उद्यापासनं येऊ नगंस कामाला," अण्णासाहेब म्हणाले.

"येत न्हाई."

"आन् हप्ता एक दिस चुकू दे. मग बघतो मी."

"चुकनार न्हाई," वरून प्रभा म्हणाली.

अण्णासाहेब गाडीकडं वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. परत बादलीकडं बघितलं. काळं पाणी, वर तरंगणारी सदऱ्याची बाही. सगळी गल्ली बघत होती, गाववाले बघत होते, आणि चांदी सकाळीच पुन्हा चढली होती.

"डिकीत ठेव ती," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"पप्पा, रहने दो ना," सुयश कसाबसा बोलला.

"साहब, छलक जाएगी," ड्रायव्हर म्हणाला.

"मग हळू चालव!"

गाडी हळू गेली. गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत, आत गर्भार पाहुणी बसल्यासारखी. गाववाल्यांतला एकजण रस्त्यावर थुंकला. टेम्पोत जागा होती, तरी ते सगळे चालत गेले.

प्रभानं शिडी लावली. उतरली तेव्हा तळपायांवर फोड आले होते. ओसरीच्या कडेला टेकली. शांताराम उघडाच तिच्या शेजारी बसला.

"बादली दिली तुमी," ती म्हणाली.

"हां."

"नवी व्हती."

"आता कसं करायचं?" त्यानं विचारलं. "हप्ता?"

"दोन पाळ्या करते. तुमी आदी बरं व्हा, मग बघा. टॉवरवर वॉचमन लागत्यात म्हनं. भट्टी सोडून काय बी."

पहाटे, कंपनीला जायच्या आधी, ती फोडांवर चिंध्या बांधून वर चढली. बरोबर पाटीत ओला चुना, थोडं सिमेंट, बन्नेनं दिलेली एक टाइल. कॅनॉलपलीकडे टॉवरचे डबे रात्रभर चालून अजून घोंघावत होते. खाली शांताराम झोपला होता. आज त्याला कुणी उठवणार नव्हतं.

घावाच्या खड्ड्याभोवती राख उडाली होती. तिनं ती बोटांनी गोळा केली, सांध्यांतली काडीनं ओढून काढली, चिमूट चिमूट खड्ड्यात घातली आणि अंगठ्यानं दाबली. टाइल बसवली. चुना ओढला.

शिडीला हात घालण्याआधी ती थांबली. तळहात झाडले. नखांतली राख काडीनं कोरून काढली, पदर झटकला, पायांच्या चिंध्या सोडून छपरावर आपटल्या. सगळं तिथंच पडू दिलं. मग खाली उतरली.